नव्या सोसायटीत इंटरनेट घेताना: वायर कुठून येते ते आधी बघा

वाघोली, मोशी, चऱ्होली, पुनावळे, उंड्री. पुण्याच्या कडेने वाढलेल्या यातल्या कुठल्याही भागात पझेशन मिळालं की आठवड्याभरात दारात तीन-चार पत्रकं येऊन पडतात. एक जिओचं, एक एअरटेलचं, एक बीएसएनएलच्या फायबरचं आणि एक स्थानिक केबलवाल्याचं, ज्यावर मूळ इंटरनेट कंपनीचं नाव अगदी बारीक अक्षरात असतं. सगळ्यांवर १०० नाहीतर २०० एमबीपीएसचा ठळक आकडा आणि खाली ओटीटीची चित्रं.

ही पत्रकं शेजारी-शेजारी ठेवून निवड करायला बसलं की ती बहुधा फसते. एकाच कंपनीचं कनेक्शन रस्त्याच्या अलीकडच्या सोसायटीत वर्षभर बिनबोभाट चालतं आणि पलीकडच्या सोसायटीत आठवड्यातून दोनदा बंद पडतं. हा फरक शेवटच्या दोन-तीन किलोमीटरमध्ये पडतो. वायर कशी आणली आहे, वाटेत विजेवर चालणारं काय-काय आहे आणि तुटली तर जोडायला कोण येणार, या तीन गोष्टी कळल्या की पत्रकावरचे आकडे वाचायला घ्यावेत.

घरापर्यंत नक्की काय येतं

खरंखुरं फायबर म्हणजे घरातल्या डब्यापर्यंत काचेचा तंतू. ऑपरेटरच्या ऑफिसात किंवा रस्त्याकडेच्या कपाटात ओएलटी नावाचं यंत्र असतं. त्याच्या एका पोर्टातून एकच तंतू निघतो आणि वाटेत स्प्लिटर लावून तो ३२ किंवा ६४ घरांत वाटला जातो. स्प्लिटरला वीज लागत नाही, तो फक्त प्रकाशाचे भाग करतो. तुमच्या घरात जो डबा बसतो तो ओएनटी. या पद्धतीचं नाव जीपॉन. एका पोर्टावर ग्राहकांकडे येताना सुमारे २.५ आणि ग्राहकांकडून जाताना सुमारे १.२५ जीबीपीएस क्षमता मिळते. ३२ घरांनी एकाच क्षणी १००-१०० एमबीपीएस खेचले तर गाडी अडेल, पण असं प्रत्यक्षात घडत नाही. त्यामुळे ‘आमच्या लाइनवर किती घरं आहेत’ ही चिंता बहुतेक वेळा निरर्थक असते. अडतं ते दुसरीकडे, त्याबद्दल पुढे.

दुसरा प्रकार फसवा आहे. फायबर बिल्डिंगच्या डक्टपर्यंत किंवा गच्चीवरच्या लिफ्टच्या मशीनरूमपर्यंत येतं, तिथे मीडिया कन्व्हर्टर (प्रकाशाचा सिग्नल तांब्याच्या वायरीसाठी बदलणारा डबा) आणि नेटवर्क स्विच (एका लाइनच्या अनेक लाइनी करणारा डबा) बसवतात आणि तिथून प्रत्येक फ्लॅटला तांब्याची कॅट-५ई वायर जाते. सेल्समन यालाही फायबरच म्हणतो. ओळखायची खूण सोपी आहे. बाहेरून येणाऱ्या वायरीला पारदर्शक प्लास्टिकचं आठ पिनांचं टोक असेल तर ते तांबं. हिरव्या रंगाचं लहान चौकोनी टोक असेल तर फायबर.

तांब्याच्या वायरीने आलेलं इंटरनेट वाईटच असतं असं नाही, पण त्याचे तीन ठरलेले त्रास आहेत. वीज गेली की डक्टमधला स्विच बंद पडतो, मग तुमच्या घरात इन्व्हर्टर असला तरी उपयोग नाही. सोसायटीचा जनरेटर लिफ्ट आणि पाण्याच्या पंपाला असतो, या स्विचच्या प्लगला तो जोडलेला आहे का हे कुणी विचारत नाही. दुसरा त्रास वळवाच्या पावसात. एका बिल्डिंगवरून दुसरीवर तांब्याची वायर टाकलेली असेल तर जवळपास वीज पडल्यावर तिच्यातून झटका येतो आणि स्विचचे, राउटरचे पोर्ट जळतात. काचेच्या तंतूतून वीज वाहत नाही, म्हणून तिथे हा धोका नसतो. तिसरा त्रास वेगाचा. कॅट-५ईमध्ये आठ तारा असतात. १ जीबीपीएसला आठही लागतात, १०० एमबीपीएस चार तारांवर भागतं. वायर वाचवायला काही ऑपरेटर एकाच वायरीतल्या चार-चार तारा दोन फ्लॅटना देतात. मग २०० चा प्लॅन घेतला तरी टेस्टमध्ये ९५ च्या आसपास आकडा अडकतो. नेमका ९०-९५ वर अडकलेला वेग दिसला की आधी हेच तपासा, आणि त्यानंतर राउटरचा पोर्ट जुन्या १०० एमबीपीएसचा तर नाही ना ते.

तिसरा प्रकार बिनतारी. जिओने एअरफायबर १९ सप्टेंबर २०२३ ला आठ शहरांत सुरू केलं, त्यात पुणे होतं. एअरटेलचीही तशीच सेवा आहे. गच्चीवर किंवा खिडकीबाहेर एक डबा बसतो आणि तो ५जी टॉवरशी बोलतो. काही ठिकाणी ५जीऐवजी ५ गिगाहर्ट्झच्या खुल्या पट्ट्यावरचा रेडिओ वापरतात, त्याला समोरचा टॉवर थेट दिसावा लागतो. जिथे रस्ताच झालेला नाही आणि फायबर यायला सहा महिने आहेत तिथे ही सोय चांगली. पण वाढत्या भागात तिची एक अडचण आहे. आज खिडकीतून टॉवर दिसतो, दीड वर्षाने मधल्या प्लॉटवर २२ मजले उभे राहतात आणि सिग्नल पडतो. शिवाय टॉवरची क्षमता मोबाइलवाल्यांशी वाटून घ्यावी लागते, म्हणून संध्याकाळी वेग खाली येतो. अपलोड डाउनलोडपेक्षा बराच कमी असतो आणि महिन्याची डेटा मर्यादाही फायबरपेक्षा लहान असते. फायबरच्या ‘अनलिमिटेड’ प्लॅनमध्ये ती साधारण ३,३०० जीबी असते, एअरफायबरमध्ये १,००० जीबीच्या आसपास. त्यापुढे वेग इतका उतरतो की व्हिडिओ चालत नाही. घरात तीन टीव्ही आणि ४के बघणारी मंडळी असतील तर ही ओळ आधी वाचावी.

प्रकाश किती पोहोचतो

फायबर कनेक्शनची तब्येत सांगणारा एक आकडा आहे आणि तो फारसं कुणी विचारत नाही. घरातल्या ओएनटीपर्यंत किती प्रकाश पोहोचतो तो आकडा, डीबीएम या प्रकाश मोजायच्या मापात. तो नेहमी उणे असतो.

हिशेब असा. ओएलटीतून समजा अधिक ३ डीबीएम प्रकाश निघाला. वाटेत एक-ते-चार स्प्लिटर लागला, त्यात ७ डेसिबल गेले. बिल्डिंगमध्ये एक-ते-सोळा स्प्लिटर, तिथे साडेतेरा. चार किलोमीटर तंतूत जेमतेम सव्वा. जोड आणि कनेक्टर मिळून दोन. घरात पोहोचले उणे २०.७५. हे उत्तम आहे. उणे १५ ते उणे २४ च्या दरम्यान काहीही चालेल. उणे २७ ही सर्वसाधारण ओएनटीची शेवटची मर्यादा. तुमचा आकडा पहिल्याच दिवशी उणे २६ असेल तर कनेक्शन आज चालेल, स्पीड टेस्टही झकास येईल, आणि पहिल्या पावसात जोडाच्या डब्यात ओल शिरली की ओएनटीवरचा दिवा लाल होईल. डेसिबलचं गणित कडक असतं. ३ डेसिबल गेले म्हणजे प्रकाश निम्मा झाला.

म्हणून कनेक्शन बसवायला माणूस आला की त्याच्याकडच्या पॉवर मीटरवर हा आकडा दाखवायला सांगा आणि फोटो काढून ठेवा. मीटर १४९० नॅनोमीटरवर (घराकडे येणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी) लावलेला असायला हवा. पुढे बघायचा असेल तर बऱ्याच ओएनटींच्या सेटिंगच्या पानावर, ‘स्टेटस’मध्ये, ‘आरएक्स पॉवर’ म्हणून तो दिसतो. पहिल्या दिवशी उणे २१ होता आणि आज उणे २५ आहे, एवढं सांगितलं की फोनवरचा माणूस ‘राउटर बंद-चालू करा’ म्हणणं सोडून लाइनमन पाठवतो.

आकडा बिघडायची कारणं बहुतेक वेळा घराजवळच सापडतात. हिरवं टोक तिरकं घासलेलं असतं, निळं सरळ. हिरव्यात निळं खुपसलं तर बसतं, पण दोन्हींच्या काचा नीट भिडत नाहीत आणि बराच प्रकाश वाया जातो. घाईत जोडणारे हे करतात. दाराच्या चौकटीपाशी वायर काटकोनात वळवून खिळा मारला की तिथून प्रकाश गळतो. वळण बोटाएवढ्या गोलाईचं तरी असावं. टोकावर धूळ बसली तरी तीन-चार डेसिबल सहज जातात. तोंडाने फुंकर मारू नये, बाष्प बसतं. आणि टोकात डोळा घालून ‘लाइट येतोय का’ बघायचं नाही. तो लेसर डोळ्यांना दिसत नाही, पण इजा करू शकतो.

खोदकाम आणि खांब

२०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये आणखी २३ गावं पुणे महापालिकेत आली. वाघोली त्या २३ मधलं. तेव्हापासून या पट्ट्यात ड्रेनेज, पाण्याची लाइन, रस्तारुंदी यांपैकी काही ना काही चालूच आहे. पावसाळ्याआधी कामं उरकायची घाई असते, म्हणून मार्च ते मे हा फायबर तुटण्याचा हंगाम. जेसीबीच्या बकेटला केबल दिसत नाही.

जमिनीखालून, डक्टमधून आलेली केबल क्वचित तुटते, पण तुटली की दुरुस्तीला वेळ जातो. आधी जागा शोधा, मग खड्डा, मग जोड. महावितरणच्या खांबांवरून, झाडांवरून, गच्च्यांवरून आलेली केबल वारंवार तुटते, पण चांगला ऑपरेटर ती दोन-तीन तासांत जोडतो. इथे स्थानिक केबलवाला मोठ्या कंपनीला हरवू शकतो. त्याचा लाइनमन चौकातच राहतो, तुटलेला तंतू जोडायचं स्प्लायसिंग मशीन दुकानात असतं. मोठ्या कंपनीचं काम कंत्राटदाराकडे असतं आणि एका तंत्रज्ञाकडे पाच-सहा भाग. अर्थात केबलवाल्याकडे स्वतःचं मशीन नसेल आणि तो ते कुणाकडून तरी मागून आणत असेल तर हा फायदा गेला. विचारायचा प्रश्न एकच: ‘स्प्लायसिंग मशीन तुमचं स्वतःचं आहे का?’

शेजाऱ्यांना विचारताना तुमच्याच विंगमधल्या, शक्यतो त्याच डक्टवरच्या माणसाला विचारा. ‘नेट कसंय?’ असं विचारलं की ‘बरंय’ एवढंच उत्तर येतं. त्याऐवजी शेवटचं कधी बंद पडलं, किती वेळात आलं आणि कोण आलं होतं, हे विचारा.

घरून काम करणारे दोन कनेक्शनं घेतात. कल्पना बरोबर, पण दोन्ही केबली एकाच खांबावरून आल्या असतील तर ट्रक एकाच धडकेत दोन्ही पाडतो. दोन ब्रँड घेण्यापेक्षा दोन वाटा घ्या: एक फायबर आणि दुसरं बिनतारी, तेही वेगळ्या कंपनीचं. रोजचा वापर तुरळक असेल तर दुसऱ्या कंपनीचं ५जी सिम आणि मोबाइलचा हॉटस्पॉट पुरतो.

रात्री नऊचा वेग

मघाशी म्हटलं की अडतं दुसरीकडे. ते ठिकाण म्हणजे ऑपरेटरने वरच्या कंपनीकडून घेतलेली लाइन. समजा त्याच्याकडे ६०० ग्राहक आहेत, सगळ्यांना १०० एमबीपीएसचे प्लॅन विकलेत आणि वरून घेतलेली लाइन १ जीबीपीएसची आहे. दुपारी सगळ्यांना शंभर मिळतात. रात्री ९ ला २०० घरांनी ५-५ एमबीपीएसचा व्हिडिओ लावला की लाइन भरली. सोसायटीच्या टाकीत पाणी भरपूर असलं तरी सकाळी सातला सगळे नळ उघडल्यावर वरच्या मजल्यावर धार बारीक होते, तसं.

हे पकडायला नेहमीची स्पीड टेस्ट अपुरी पडते, कारण ती बहुधा जवळचा, अनेकदा त्याच कंपनीच्या जाळ्यातला सर्व्हर निवडते. यूट्यूब नीट चालतं म्हणजे सगळं नीट आहे हेही खरं नाही. गूगल आणि नेटफ्लिक्स आपल्या लोकप्रिय व्हिडिओंच्या प्रती इंटरनेट कंपन्यांच्या आवारातच ठेवतात, ते व्हिडिओ बाहेरच्या लाइनवरून येतच नाहीत. म्हणून टेस्टमध्ये सर्व्हर हाताने बदला, मुंबईतला दुसऱ्या कंपनीचा घ्या. रात्री ९ ते ११ च्या मध्ये, लॅपटॉप वायरीने राउटरला जोडून, तीन वेगवेगळ्या दिवशी टेस्ट करा. शिवाय लॅपटॉपवरून ८.८.८.८ या पत्त्यावर दोनशे पिंग, म्हणजे जाऊन परत येणारे छोटे संदेश, पाठवा. पुण्यात फायबरवर वेळ साधारण १० मिलिसेकंदांच्या आत-बाहेर असावा. सरासरीपेक्षा हरवलेली पाकिटं (परत न आलेले पिंग) आणि मधूनच १५०-२०० वर उडणारे आकडे जास्त महत्त्वाचे. व्हिडिओ मीटिंगमध्ये आवाज तुटतो तो यामुळे. दोनशेत दोन पाकिटं हरवली तरी तक्रार करण्याजोगं आहे.

वेग किती घ्यावा यावर फार वेळ घालवू नये. नेटफ्लिक्स ४के साठी १५ एमबीपीएस मागतं, एचडीसाठी ५. एका चांगल्या व्हिडिओ मीटिंगला दोन्ही दिशांना ३-४ पुरतात. चार माणसांच्या घराला १०० भरपूर झाले. ४० ते ५० मध्येही निभतं, फक्त मोठ्या फाइल उतरायला वेळ लागतो. (१०० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला साडेबारा मेगाबाइट. संगणक बाइटमध्ये मोजतो आणि प्लॅन बिटमध्ये, त्यामुळे ‘आठपटीने कमी येतं’ अशी तक्रार नेहमी ऐकू येते.) ५० वरून २०० वर जाण्यापेक्षा अपलोडही तेवढाच देणारा प्लॅन घेणं जास्त कामाचं.

घराबाहेरून सीसीटीव्ही थेट बघायचा असेल किंवा घरात सर्व्हर चालवायचा असेल तर आणखी एक तपासणी. बहुतेक कंपन्या शेकडो ग्राहकांना मिळून एकच सार्वजनिक इंटरनेट पत्ता (आयपी) देतात. राउटरच्या सेटिंगच्या पानावरचा वॅन (बाहेरच्या बाजूचा) पत्ता १०० ने सुरू होऊन दुसरा आकडा ६४ ते १२७ मध्ये असेल तर तुम्ही अशा वाटलेल्या पत्त्यावर आहात. कॅमेरा कंपनीच्या ॲपमधून बघणाऱ्यांना फरक पडत नाही. बाकीच्यांना स्थिर पत्ता वेगळे पैसे देऊन घ्यावा लागतो.

पैशाचा हिशेब

पत्रकावरच्या दरात १८ टक्के जीएसटी बहुधा धरलेला नसतो. ५९९ चा प्लॅन ७०६ रुपये ८२ पैशांना पडतो, वर्षाला सुमारे ८,४८२. समोर स्थानिक ऑपरेटर म्हणतो, वर्षाचे ६,६०० एकदम, सगळं धरून. त्यात वायरिंगचे १,००० आणि राउटरचे १,५०० मिळवले की पहिल्या वर्षी ९,१०० झाले. दुसऱ्या वर्षापासून तो स्वस्त पडतो. पण तोवर तुम्ही तिथे राहणार आहात का? भाडेकरूने वर्षाचे पैसे एकदम भरू नयेत. आमच्या मते मालकानेही पहिले तीन महिने तरी महिन्याच्या हिशेबाने घ्यावं आणि त्यात एखादा वळवाचा पाऊस जाऊ द्यावा. महिना ३० दिवसांचा की २८ चा, हेही विचारा. २८ चा असेल तर वर्षात तेरा हप्ते होतात.

पावती मूळ कंपनीच्या नावाची आणि जीएसटी क्रमांकासह मागा. स्थानिक ऑपरेटर हा बहुधा परवानाधारक कंपनीचा फ्रँचायझी असतो. पैसे त्याच्या वैयक्तिक खात्यावर गेले आणि पुढे त्याचं आणि कंपनीचं फिसकटलं, तर तुम्ही कंपनीचे ग्राहक होतात याचा कागद उरत नाही.

मिवानच्या भिंती

पुण्याच्या नव्या टॉवरांत बऱ्याच ठिकाणी मिवान पद्धतीचं बांधकाम आहे, म्हणजे आतल्या भिंतीही विटांच्या किंवा ब्लॉकच्या नसून सळई घातलेल्या काँक्रीटच्या. ५ गिगाहर्ट्झचं वायफाय अशी एक भिंत कसंबसं ओलांडतं, दुसरीपाशी संपतं. २.४ गिगाहर्ट्झ पुढे जातं, पण शेजारच्या पंधरा राउटरांच्या गर्दीत त्याचा वेग ३०-६० वर येतो. अशा घरात ‘नेट स्लो आहे’ या तक्रारी मुळात वायफायच्या असतात, आणि कंपनी बदलून त्या सुटत नाहीत.

त्यातच दाराजवळच्या डीबीत (वायरींच्या डब्यात) बिल्डरने सोडलेल्या जागी, लोखंडी झाकणाच्या आत, राउटर बसवला जातो. तिथे फक्त ओएनटी राहू द्या. इंटिरियरचं काम सुरू व्हायच्या आधी इलेक्ट्रिशियनकडून स्प्रिंग घालून डीबीपासून हॉलपर्यंत आणि लांबच्या बेडरूमपर्यंत कॅट-६ वायर ओढून घ्या. पूर्ण तांब्याची मागा, ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा असलेली नको. मिवानची भिंत नंतर फोडता येत नाही, आणि सोसायटी तशी परवानगीही देत नाही. दोन्ही टोकांना वायफायचा एकेक डबा लावला की काम झालं.

वीज जाते तिथे राउटरसाठी छोटा यूपीएस घ्यावा. ॲडॅप्टरवरचे व्होल्ट तंतोतंत जुळले पाहिजेत, बहुधा १२ असतात. अँपिअर तेवढे किंवा जास्त. १०,००० एमएएच लिहिलेलं असतं ते ३.७ व्होल्टच्या हिशेबाने, म्हणजे ३७ वॅट-तास. गळती जाऊन ३० उरतात. ८ वॅटचा ओएनटी त्यावर पावणेचार तास चालतो, अर्थात वाटेत विजेवर चालणारा स्विच नसेल तरच.

सोसायटीने आणि तुम्ही काय धरून बसायचं

बिल्डरने एकाच कंपनीशी करार केलेला असतो आणि बाकीच्यांना डक्टची किल्ली मिळत नाही, हे नव्या प्रकल्पांत नेहमीचं. सोसायटी ताब्यात आल्यावर कमिटीने पहिल्या काही बैठकांतच निदान दोन ऑपरेटरांना, दोन वेगळ्या बाजूंनी येण्याच्या अटीवर, परवानगी द्यावी. डक्टमधल्या प्रत्येक वायरीवर फ्लॅट नंबर आणि ऑपरेटरचं नाव असावं. नाहीतर एकाचा माणूस येऊन दुसऱ्याची वायर उपटून जातो, आणि हे चुकून होतंच असं नाही. ऑपरेटरचं यंत्र सोसायटीच्या विजेवर चालत असेल तर त्याला वेगळा सबमीटर आणि जनरेटरची जोडणी द्यावी. इमारतींना डिजिटल जोडणीसाठी स्टार रेटिंग देण्याचे नियम ट्रायने (दूरसंचार नियामकाने) २०२४ मध्ये आणले आहेत. फ्लॅट अजून बुक करायचा असेल तर बिल्डरला याबद्दल जरूर विचारा.

आणि तक्रार लाइनमनच्या व्हॉट्सॲपवर करून थांबू नका. तो येईलही, पण नोंद कुठेच राहत नाही. कंपनीच्या क्रमांकावर किंवा ॲपवर तक्रार नोंदवून डॉकेट क्रमांक, म्हणजे तक्रारीचा नोंदणी क्रमांक, घ्या. ट्रायच्या नियमांनुसार तक्रार मुदतीत सुटली नाही किंवा उत्तर पटलं नाही तर त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे ३० दिवसांत जाता येतं, त्याला शुल्क नाही, पण डॉकेट क्रमांक लागतो. तिथेही काही झालं नाही तर दूरसंचार विभागाचं तक्रार पोर्टल आहे. शिवाय दूरसंचार सेवेतल्या त्रुटीसाठी ग्राहक आयोगात जाता येतं, हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे. तिथे कामाला येतात ते डॉकेट क्रमांक, कंपनीच्या नावाची पावती, रात्री नऊच्या टेस्टचे स्क्रीनशॉट आणि पहिल्या दिवशी काढलेला पॉवर मीटरचा फोटो.